चामराजपेटचं घर हिरवं आहे

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही हो, लोकांच्या घरातून आपोआप येऊन पडतात! बंगळुरातल्या काही हौशी कुटुंबांचे दिवे, फ्रीज, दारं, हालचाल टिपणारे सेन्सर असं सगळं आमच्या प्लॅटफॉर्मला जोडलेलं आहे. संशोधक त्यावर अभ्यास करतात आणि आम्ही जयनगरच्या ऑफिसात स्क्रीनकडे डोळे लावून बसतो. सगळं ठीक असलं की घर हिरवं, शंका आली की पिवळं, गडबड असली की लाल.

त्यातलं एक घर चामराजपेटचं, माझ्या अण्णांचं. आई गेल्यापासून ते एकटेच. मागं न्हाणीत घसरून पडले, तेव्हा दादानं हैदराबादहून फर्मान काढलं, "विद्या, एकदा जरी लाल दिसलं ना, तर अण्णा माझ्याकडे!" अण्णांना तर घर सोडायचं नाही. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. काम कुठलंही असो, एक डोळा त्या घरावर!

* * *

एका दुपारी ऑफिसातल्या चाचणीच्या खोलीतलं झाडून सगळं लाल झालं. पुण्याहून आलेला आमचा निखिल ओरडला, "हॅक झालंय!" सगळे लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले. मी आधी अण्णांचं घर पाहिलं. हिरवं!

बऱ्याच वेळानं समोरच्या दुकानाचा जनरेटर धडधडला. मी म्हटलं, "अरे, लाइट गेलीये!"

निखिल म्हणाला, "शक्यच नाही. स्क्रीनवर तसं कुठं आलंय?"

* * *

आयुधपूजेच्या दिवशी मल्लेश्वरमच्या एका घरात सकाळपासून हालचालच दिसेना. तिथंही एक म्हाताऱ्या अक्का एकट्या राहतात. फोनही उचलेनात. मी आणि निखिल ऑटोनं धावलो. वाटेत मी कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं, विचारू नका!

दार अक्कांनीच उघडलं. मिक्सरला हार, शिलाई मशीनला हार, आणि आमच्या सेन्सरच्या बरोबर डोळ्यावर गंधाचा ठसठशीत गोळा!

निखिल म्हणाला, "अक्का, गंध पुसूया का? त्याला दिसत नाहीये."

"छे! आज हत्यार चालवायचं नसतं. त्यालाही एक दिवस सुट्टी असू दे की!"

* * *

निखिलनं एकदा चाचणीच्या खोलीऐवजी चुकून खऱ्याच घराचे दिवे उघडझाप केले. त्या घरात नेमके मुलगी बघायला पाहुणे आलेले! मुलाच्या आईला तो अपशकुन वाटला, मंडळी चहा अर्धा टाकून उठली. मुलीच्या वडिलांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, गेली आपली नोकरी.

ते म्हणाले, "मुलगी विचारतेय, पुढच्या रविवारी दुसरे येणार आहेत. स्वल्प, थोडं परत तसंच कराल का?"

* * *

एकदा अण्णांचंच घर पिवळं झालं. दार उघडं आणि आत हालचाल नाही. मीटिंग तशीच टाकून पळाले. अण्णा शेजारच्या सरसक्कांच्या पायरीवर शेंगा सोलत बसलेले!

मी भडकले. "अण्णा, लाल झालं असतं तर? दादा सोडेल का?"

अण्णांनी हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. मग हळूच म्हणाले, "सरी, बरं. काय काय केलं की हिरवं राहतं, ते तरी नीट सांग."

मी हौसेनं सगळं समजावलं. स्वयंपाकघरात ये-जा हवी, हॉलमध्ये फिरायला हवं, फ्रीज उघडायला हवा. झोपायच्या खोलीत मात्र त्यांनी सेन्सर लावू दिलेलाच नव्हता. अण्णा आणि सरसक्का दोघंही मन लावून ऐकत होते. मला केवढं बरं वाटलं!

* * *

आता परवाचं सांगते. आठवडाभर अण्णांचं घर असं हिरवंगार, की निखिल म्हणाला, "यार, डेमोला हेच घर दाखवू." फोनवर अण्णांचं एकच, "मी मजेत आहे. तू तुझं काम कर." त्यामुळं मीही तिकडे फिरकले नव्हते.

परवा दुरुस्तीसाठी अख्खा प्लॅटफॉर्मच बंद ठेवला होता. स्क्रीन काळी. बघायला काही नाही म्हटल्यावर मला बसवेना. सुट्टी टाकली आणि चामराजपेट गाठलं.

दार नुसतं लोटलेलं. आत सरसक्का एकट्याच हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये फेऱ्या मारत होत्या. मधेच फ्रीज उघडला, काही न घेता मिटला, परत चालायला लागल्या. मला बघून जागच्या जागी थबकल्या.

"अक्का, अण्णा कुठंयत?"

त्यांनी झोपायच्या खोलीकडे बोट केलं. अण्णा पांघरुणात, गाल बसलेले, कपाळ तव्यासारखं तापलेलं. आठवडाभर अंथरुणातून उठलेच नव्हते! मला रडूच कोसळलं.

अण्णांनी डोळे किलकिले केले. मला पाहिलं आणि घाबऱ्याघुबऱ्या आवाजात सरसक्कांना म्हणाले, "ही कशी काय आली? फ्रीज उघडायचा राहिला काय?"