दहा नव्हे, सहा

जळगावच्या एका जिनिंगमध्ये मी हिशेब बघत होतो, तेव्हाची गोष्ट. कापसाची चार गोदामं, चार कुलपं, चार चाव्या. चाव्या दिसायला अगदी सारख्या, म्हणून त्यांवर रंगाने आकडे घातलेले. पहारेकरी चोपड्याकडच्या खेड्यातला, साठीच्या पुढचा. सगळे त्याला आबा म्हणत. खंडेनवमीला हत्यारांबरोबर चाव्याही पूजेत मांडायच्या, म्हणून त्याने त्या रॉकेलमध्ये घासून लख्ख केल्या. आकडे गेले.

दसऱ्याला सकाळी मुहूर्ताच्या गाड्या दारात उभ्या होत्या. आबाला काढून आपल्या मारवाडातला माणूस ठेवायचं शेटच्या मनात होतंच. जामनेरचे दोन व्यापारी बसलेले. त्यांच्यासमोर शेटला करमणूक सुचली.

"मुनीमजी, नशीब अगदीच फुटकं धरलं, तर कुठली चावी कुठल्या कुलपाची हे ठरवायला किती वेळा लावून बघावी लागेल? चार, तीन, दोन, एक. दहा ना?"

मला गप्प बसता आलं असतं. पण चुकीचा आकडा माझ्याच्याने ऐकून घेववत नाही.

"सहा," मी म्हणालो. "तीन चाव्या लागल्या नाहीत, तर उरलेली चौथी त्या कुलपाचीच. ती लावून बघायचं कारण नाही. म्हणून तीन, दोन, एक."

"वा! ऐकलंस ना आबा? सहा वेळा. सहात जमलं तर नोकरी राहिली. नाही तर आजच गाव गाठ. मुनीमजी, तुम्ही मोजा."

"बठ्ठा कुलपं मीच लावस ना, शेट," आबा हसून म्हणाला. सगळी कुलपं रोज तोच तर लावायचा.

पहिल्या कुलपाला तीन चाव्या लागल्या नाहीत. मी तीन मोजले. आबाने चौथी उचलली. कुलूप लावल्यावरही दोनदा ओढून बघणारा तो हात.

"अहो, ती तर..." एक व्यापारी बोलू लागला.

"सांगायचं नाही," शेट म्हणाला.

"लागस का नही, दखाले नको?" असं म्हणत, खरंच लागते का ते बघायला आबाने चावी फिरवली. कुलूप उघडलं.

"चार," मी म्हणालो.

दुसऱ्या कुलपाला एक चावी लागली नाही, त्यापुढची लागली. पाच, सहा. दोन कुलपं आणि दोन चाव्या उरल्या. ती चौथी लावली नसती, तर एक वेळ अजून हातात होती, आणि तेवढी पुरली असती.

आबा तिसऱ्या कुलपाकडे वळला, तसा शेटने हात पुढे केला. "बस. दे इकडे."

व्यापारी पोट धरून हसले.

दुपारी आबा गाठोडं घेऊन माझ्या गादीपाशी आला. "भाऊ, मनं कोठे चुकनं?"

मी बोटांवर मोजून सगळं नीट समजावलं. त्याने मान डोलावत ऐकलं.

"मंग दहाच ऱ्हाऊ देता ना, भाऊ."

दहा चूक होतं, असं मी त्याला सांगितलं.