मंडालेची उरलेली खोली

दादाचा फोन आला तेव्हा मी पालेभाजी निवडत बसले होते. "आप्पा कचेरीतच गेले गं... जेवून आडवे झाले होते, आई चहा घेऊन गेली तर..." कचेरी म्हणजे जुन्या पनवेलमधल्या आमच्या घराला लागून असलेल्या लाकडाच्या वखारीतली सागवानी खोली. रोज दुपारी चहा झाला की आप्पा तिथून मला फोन करत. आता काही आठवडे झाले, पण त्या वेळेला माझं लक्ष अजूनही फोनकडे जातं.

गावात जुनं घर पाडायचं ठरलं की आप्पा तिथं हजर. आधी नुसताच खांबांवरून हात फिरवायचे. "बर्माचा साग आहे, समुद्र ओलांडून आलाय. पाहुण्यासारखा वागव," असं सुताराला बजावायचे. मग प्रत्येक सांध्याच्या दोन्ही तुकड्यांवर पटाशीनं सारखी खूण करून घ्यायचे, म्हणजे सोडवलेलं लाकूड कुठंही पुन्हा जुळवता येतं. खुणा झाल्याशिवाय लाकडाला हातोडा लागू द्यायचे नाहीत. त्यांची कचेरीसुद्धा अशीच कुणाच्या तरी पाडलेल्या घराची माडी होती.

मंडालेचं वेड त्यातूनच लागलं. आपल्याला मंडाले म्हटलं की तुरुंग आठवतो, आप्पांना राजवाडा आठवायचा. चौकोनी तट, भोवती खंदक, मधोमध पूर्वेकडे तोंड केलेला लाकडी पसारा. पुढे दरबार, मागे राण्यांचे महाल, आणि सिंहासनाच्या बरोबर वर सात मजली निमुळता मनोरा. त्यातला बराचसा भाग जुन्या राजधानीतून सोडवून हत्तींकरवी आणलेला! हे सांगताना आप्पा असे खुलायचे, की जणू हत्ती आमच्याच वखारीत उतरले होते. शेवटी काही वर्षांपूर्वी मी त्यांना तिकडे घेऊन गेले. मूळ राजवाडा युद्धात जळाला, आज दिसतो तो नंतर बांधलेला. आप्पांनी एका खांबावर टिचकी मारली, वरचे पत्रे पाहिले आणि "सिमेंट मेलं!" म्हणून चालू लागले.

आगीतून जे थोडं वाचलं त्यात राजाचं राहतं दालन होतं, कारण तेव्हा ते राजवाड्यात नव्हतंच. राजा त्या दालनात वारला, आणि गादीवर आलेल्या मुलानं ते अख्खं सोडवून तटाबाहेर उभं केलं, मठाला देऊन टाकलं. हाच मुलगा पुढे राज्य गमावून आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत आला. मला त्याचा रागच आला होता.

"बाप गेला म्हणून त्याची खोली घराबाहेर?"

आप्पा त्या दालनाच्या नक्षीच्या दारापाशी तळवा टेकून बसले होते. "अगं, बाहेर काढली म्हणून तर राहिली. आणि म्हणतात, तो तिथं एकटाच जाऊन बसायचा..."

आप्पांचं दिवसकार्य झाल्यावर आई म्हणाली, "ती कचेरी हलवा. स्वयंपाकघरातून दार दिसतं. वाटतं, आत्ता चहासाठी हाक मारतील. मला नाही सोसवत." दादानं लगेच गिऱ्हाईक पाहिलं. मी कडाकडा भांडले. मला ती खोली होती तिथंच, होती तशीच हवी होती. आई खिडकीकडे पाठ करून बसली. तिच्या त्या पाठीकडे बघताना मला मंडालेचा तो मुलगा कळला.

विकायची नाही, पनवेलबाहेर नेरे गावातल्या आमच्या जागेत न्यायची, असं मी ठरवलं. आप्पांचा जुना सुतार कमळाकर सोडवायला आला. "होईल ना रे पुन्हा तशीच?" मी विचारलं.

"शेटच्या खुना हायत, ताई. चुकायचं म्हटलं तरी चुकता येनार नाय."

खोली उभी राहिली. दुपारी मी तिथं जाऊन बसते. ऊन चढलं की लाकडाचा वास सुटतो, आप्पांच्या सदऱ्याला यायचा तोच. फार आठवण येते, आप्पा. आई अजून इकडे आलेली नाही, मीही आग्रह करत नाही.

काल दादाबरोबर तिनं थर्मास पाठवला. पिशवीत दोन कप होते, एक माझ्यासाठी आणि दुसरा आप्पांचा, निळ्या काठाचा. मी दोन्ही भरले.