राजाच्या कानातली पावडर

उखर्डू बोरसे नाणं हातात घ्यायचा ते कडेला धरून. अंगठा आणि मधलं बोट, एवढंच. नाण्याच्या तोंडाला किंवा पाठीला बोट लागू द्यायचा नाही. भुसावळच्या रेल्वे शेडमध्ये सोबतचे लोक त्याला हसायचे, कारण चहावाल्याला सुटे देतानासुद्धा तो नाणी अशीच धरायचा.

"विंचू धरलाय का रे, उखर्डू?"

"विंचवाला एवढं जपावं लागत नाही," तो म्हणायचा.

शेडमध्ये तो लेथवर होता. एकतीस वर्षं त्याने लोखंड कातलं. पिंप्राळ्यातल्या घरून सायकलने जळगाव स्टेशन, तिथून शटल, मग भुसावळ. केसाच्या जाडीचा फरक त्याच्या बोटांना कळायचा. मायक्रोमीटर तो नंतर लावायचा, आपलं बोट खरं निघालं की नाही ते बघायला.

चौऱ्याहत्तर साली एका ॲक्सलचं माप त्याला कमी लागलं. वरचा माणूस म्हणाला, पास कर, गाडी थांबलीय. उखर्डूने पास केला नाही. त्याला महिनाभर मशीनवरून काढून लोखंडाचा बुरा उचलायला लावलं. त्याने बुरा उचलला, तोही नीट, कोपऱ्यातला खरवडून. ॲक्सल मात्र पास केला नाही.

नाण्यांचा नाद लागला तो ऐंशी सालाच्या सुरुवातीला. चांदीचा भाव भडकला होता. खेड्यापाड्यांतले लोक घरातले जुने चांदीचे रुपये आणून सराफाकडे मोडीत देत होते. राणीछाप, राजाछाप, ढीगच्या ढीग मुशीत जात होते. उखर्डू दर रविवारी सराफाच्या ओट्यावर बसायचा आणि वितळायला जाणारा ढीग चाळायचा. हवं ते नाणं वजनाच्या भावाने घ्यायचं, बाकीचं परत ढिगात. सराफाची हरकत नव्हती. त्याला वजनाशी मतलब.

ढिगातलं बहुतेक वायाच गेलेलं असे. गळ्यात घालायला बायकांनी रुपयांना कड्या डाखलेल्या. कुठे भोक पाडलेलं. कुठे नाक, डोळे, मुकुट सगळं झिजून राजाचा नुसता भोपळा झालेला. चार चार तास बसून एकही नाणं न घेता उखर्डू घरी आला, असे कितीतरी रविवार गेले. पण एखादं सापडलं की मग आठवडा चांगला जायचा. लेथवर उभा असतानाही ते डोळ्यांपुढे असायचं.

प्रत्येक नाण्यासाठी तो पोस्टकार्डाचा पाव तुकडा कापायचा. त्यावर साल, वजन, दर्जा. दर्जाचे शब्द त्याचे स्वतःचे होते. कोरा, म्हणजे टाकसाळीतून निघाला तसा. मग हाताळलेला. मग झिजलेला. शेवटी गुळगुळीत. त्याखाली खोड, जी असेल ती. कडी डाखलेली, कड ठोकलेली, अमुक ठिकाणी चरा. खोड लिहायला तो कधी आळसला नाही. "कोरा" हा शब्द मात्र त्याने पहिले कितीतरी महिने एकदाही लिहिला नाही.

तो लिहिला एकोणीसशे अकराच्या रुपयासाठी. या रुपयावर पाचव्या जॉर्ज राजाचं चित्र आहे आणि राजाच्या अंगरख्यावर इवलासा हत्ती. लोक सांगतात की त्या हत्तीची सोंड आखूड दिसे, तो डुक्कर आहे अशी ओरड झाली, म्हणून सरकारने बरेचसे रुपये परत घेऊन वितळवले. उरले त्यांना मागणी. ढिगात एका जुन्या फडक्याची घट्ट गाठ होती. सराफाने ती सोडली तर आत हा एकच रुपया. सत्तर वर्षं कुणाचा हात लागलेला नव्हता. चांदी सावकाश काळवंडून कडेला निळसर झाली होती, आणि भिंगाखाली हत्तीच्या पायाची नखं दिसत होती. उखर्डूने श्वास रोखून ते बघितलं. ओव्हरटाइमचे सगळे पैसे गेले. घरी येऊन त्याने हात धुतले, पुसले, आणि कार्डावर लिहिलं, "कोरा."

त्याच वर्षी धनत्रयोदशीला त्याची दुसरी पाळी होती. परत आला तेव्हा देव्हाऱ्यापुढे पाट मांडलेला, पाटावर तांदूळ, आणि तांदळावर आरशासारखा चकचकीत रुपया. राजाच्या गालावर कुंकू.

त्याच्या बायकोने, सुगंधाबाईने, पांढरी टूथ पावडर लावून तो चांगला खसाखसा घासला होता. चूक म्हणावी तर अख्ख्या खानदेशात दर दिवाळीला घरोघर होणारी. लक्ष्मीपुढे काळा रुपया कोण ठेवील? सुगंधाबाई शिरपूरकडची. पिंप्राळ्यात वीस वर्षं काढूनही तिची अहिराणी शिरपुरातच होती.

"काळा पडी जायेल व्हता," ती म्हणाली. "मी धवा कया. आते तोंड काब पाडी राह्यनात?"

उखर्डूने रुपया कडेला धरून उचलला. त्याने कार्ड फाडलं. नव्या कार्डावर लिहिलं, "हाताळलेला. घासलेला. टूथ पावडर. धनत्रयोदशी १९८०." मग आठ दिवस तो बायकोशी बोलला नाही.

नवव्या दिवशी तिनेच विषय काढला. "घासा त् काय बिघडी गयं? मले दखाडा तरी."

त्याने तिला खिडकीशी नेलं, भिंग दिलं, आणि नाणं उन्हात तिरकं धरलं. सपाट चांदीवर बारीक रेघाच रेघा होत्या, सगळ्या एकाच अंगाने गेलेल्या. हत्तीची नखं गेली होती. राजाच्या कानाच्या खोबणीत मात्र पावडर घट्ट बसली होती, ती निघता निघेना.

सुगंधाबाई बराच वेळ बघत राहिली. "वखरेल वावर शे हाई," ती म्हणाली.

"हां."

"बठ्ठं मनं काम?" भिंगाखालच्या सगळ्या रेघांकडे बोट दाखवत तिने विचारलं.

"बठ्ठं तुनं काम."

त्या दिवसापासून तीही भिंग घेऊन बसायला लागली. रविवारी त्याने आणलेलं नाणं आधी तिच्या हातात जायचं. तिची नजर त्याच्याहून तेज निघाली. त्याने "हाताळलेला" म्हणावं आणि तिने "झिजेल शे, दखा नाकवर" म्हणावं. भांडण व्हायचं. बहुतेक वेळा तीच बरोबर असायची, आणि उखर्डू मुकाट्याने कार्ड बदलायचा.

अशी बारा वर्षं गेली. ब्याण्णव सालच्या जानेवारीत जळगावच्या नाणी मंडळाने एका शाळेत दोन दिवसांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. मंडळाचे चिटणीस जीवराम सर घरी येऊन उखर्डूला टेबल देऊन गेले. त्याने चाळीस नाणी निवडली. आजवर ती घराबाहेर कुणी पाहिली नव्हती. मार्चमध्ये तो निवृत्त होणार होता. शेडमधले लोक रविवारी खास गाडीने बघायला येणार होते, ते विंचू म्हणणारेसुद्धा.

शनिवारी संध्याकाळी मांडामांड चालू असताना जीवराम सर त्याच्या टेबलाशी आले. शेजारचं टेबल रतिलालशेठचं होतं. शेठची जिनिंग फॅक्टरी, आणि मंडळाला मोठा आधारही त्यांचाच. त्यांच्या टेबलावर लाल मखमल होती, आणि मखमलीवर मधोमध तोच एकोणीसशे अकराचा रुपया, उखर्डूच्या रुपयापेक्षाही चकचकीत. खाली टाइप केलेलं कार्ड, "कोरा."

"नाना," सर म्हणाले, "तुमचं ते अकराचं कार्ड तेवढं काढा."

"का?"

"‘घासलेला, टूथ पावडर’ हे काय प्रदर्शनात शोभतं का? लोक हसतील."

"घासलेलाच आहे, सर. माझ्याच घरात घासलाय."

"अहो, पण शेजारी शेठचा आहे. लोक दोन्ही बघतील."

"बघायलाच मांडलंय ना?"

सरांनी आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त दोन दिवस सुरळीत पार पाडायचे होते. "खोटं लिहा असं मी म्हणत नाही. काहीच लिहू नका. नुसतं साल टाका. नाहीतर मला टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल, नाना. माझाही इलाज नाही. सकाळी सांगा."

उखर्डू सायकल रेटत घरी आला. बसला नाही, चालतच आला. नुसतं साल टाकणं सोपं होतं. ते खोटंही नव्हतं. चाळीस नाण्यांपैकी एका नाण्याच्या तीन ओळी, आणि त्यासाठी बाकीची एकोणचाळीस डब्यात परत. शेडमधले लोक उद्या येणार, त्यांना काय दाखवायचं? सायकलचं हँडल धरून तो हा हिशोब पिंप्राळ्यापर्यंत करत राहिला. पण दरवेळी तो त्याच जागी येऊन अडायचा. खोड माहीत असताना ती न लिहिणं म्हणजे माप कमी असलेल्या ॲक्सलवर पासचा शिक्का मारणंच. तो त्याने मारला नव्हता, आणि आता नोकरीचे दोन महिने उरले असताना मारणार नव्हता.

घरी येऊन त्याने ते कार्ड काढलं. अख्खं पोस्टकार्ड घेतलं, आणि तेच शब्द दुप्पट मोठ्या अक्षरांत लिहिले.

"उद्या मी बी येस," सुगंधाबाई म्हणाली.

रविवारी सकाळी दोघं शाळेत पोचली. सरांनी कार्ड पाहिलं आणि कपाळाला हात लावला.  दोन शिपायांनी उखर्डूचं टेबल उचललं आणि बाहेर व्हरांड्यात, पिण्याच्या पाण्याच्या नळांपाशी नेऊन ठेवलं. काढून टाकलं नाही, एवढीच त्यांची सवलत.

उखर्डूने टेबल फडक्याने पुसलं. एक पाय डगमगत होता, त्याखाली कागदाची घडी सारली. चाळीस नाणी मांडली. पोस्टकार्ड मधोमध उभं केलं.

आत हॉलमध्ये लोक हात मागे बांधून फिरत होते. पण तहान प्रत्येकाला लागते. पाणी प्यायला येणारा माणूस तोंड पुसता पुसता पोस्टकार्ड वाचायचा आणि थबकायचा. बायका तर हमखास.

"अगं बाई, टूथ पावडर! आम्ही पण तीच लावतो."

"मग काय झालं हो त्याने?"

सुगंधाबाई भिंग पुढे करायची. "ये, दख. तिरपा धर. रेघा दिसन्यात? हाई मनं काम." लाजत नव्हती. बारा वर्षांपूर्वीची आपली चूक ती अशी दाखवत होती, जसं शेतातलं पीक दाखवावं. शेडमधले लोक आले, त्यांनीही एकेक करून डोळा लावला. विंचू म्हणणाऱ्याने नाणं मागितलं तेव्हा उखर्डूने त्याचं बोट धरून कडेला नेऊन ठेवलं. "असं धर." त्याने तसं धरलं.

रेघा बघून लोक परत हॉलमध्ये जात, आणि आत जाऊन मखमलीवरच्या रुपयापुढे मान तिरकी करून उभे राहत. दुपारपर्यंत रतिलालशेठच्या टेबलापुढे माना तिरक्या केलेल्यांची रांग लागली.  नुसतं बघायचं, शेजारच्याला कोपर मारायचं, आणि पुढे सरकायचं.

शेठ बाहेर आले ते तापूनच. हातात मखमलीचा तुकडा, त्यावर रुपया.

"मिस्तरी, माझ्या नाण्याची बदनामी चालवलीय तुम्ही."

"शेठ, तुमच्या नाण्याबद्दल मी एक शब्द काढलेला नाही."

"मग लोक असे काय बघतात?"

"ते त्यांना विचारा. मी माझ्या नाण्याबद्दल लिहिलंय."

"आमच्या घरात कोणी असलं घासत-बिसत नाही. वडिलांच्या हातचा रुपया आहे हा!"

सुगंधाबाईने पदराला हात पुसले. "आना इकडे. दखू द्या."

शेठनी उखर्डूकडे पाहिलं. उखर्डू नळाकडे बघत होता. आजूबाजूला पंधरावीस माणसं जमली होती, आता मागे घेणं बरं दिसलं नसतं. त्यांनी मखमल पुढे केली. सुगंधाबाईने रुपया कडेला धरून उचलला, उन्हाकडे फिरवला, भिंग लावलं. वेळ घेतला. मग भिंग शेठच्याच हातात दिलं.

"राजाना कानमा दखा, भाऊ. पांढरी भुकटी शे."

शेठनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"दिवाळीले लक्ष्मी पुजतस ना तुम्हीन?" सुगंधाबाई म्हणाली. आवाजात चिडवणं नव्हतं. "मंग कोनी तरी घसंच व्हई. माय व्हई, नई त् घरवाली. मी घसा, तसा."

कुणीतरी हसलं. शेठ हसले नाहीत. "आई," ते एवढंच म्हणाले. रुपया मखमलीत गुंडाळून आत गेले. थोड्या वेळाने पाण्याला आलेल्या एकाने सांगितलं, रुपया परत जागेवर ठेवलाय. कार्ड मात्र उचलून नेलं. नुसता रुपया आहे, खाली काही नाही.

"अर्धं काम," उखर्डू म्हणाला.

सोमवारी त्याने रजा टाकली. प्रदर्शनाच्या या दुसऱ्या दिवशीही टेबल नळापाशीच होतं. दुपारी जीवराम सर आले. "नाना, आत जागा झालीय. घ्या टेबल आत."

"कार्डासकट?"

सरांनी पोस्टकार्डाकडे पाहिलं. "कार्डासकट."

"राहू द्या, सर. इथे पाण्याची सोय आहे."

संध्याकाळी उत्कृष्ट संग्रहाचा करंडक रतिलालशेठना मिळाला. त्यावर नाव शुक्रवारीच कोरून आलं होतं, ते पुसायचं कसं? उखर्डूने बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या, तीन, मोजून, आणि नाणी डब्यात भरायला घेतली.

पोस्टकार्डावर दोन दिवसांत नळाचं पाणी उडून शाई फुटली होती. "घासलेला" हा शब्द धड वाचता येत नव्हता. घरी आल्यावर त्याने हात धुतले, पुसले, आणि पाव तुकडा कापून नवं कार्ड लिहायला बसला. हाताळलेला. घासलेला. टूथ पावडर. धनत्रयोदशी १९८०.

सुगंधाबाई खांद्यावरून वाचत होती.

"मनं नाव कोठे शे त्याम्हा?"

"नाव कसाले?"

"दोन दिन मी दखाडं. काम बी मनंच. लिखा."

उखर्डूने पेन पुन्हा उचललं. मग शेवटी एक ओळ वाढवली. घासणारी, सुगंधाबाई बोरसे, पिंप्राळा. शाई वाळेपर्यंत त्याने कार्ड हातात धरून ठेवलं, कडेला.