हात माहे, नाव साडूभाऊचं

दोस्तहो, आज सकाळी मी सोता गाडीचं ऑइल बदललं. काऊन? तं काल साडूभाऊनं सासरच्या ग्रुपवर आपल्या काळ्या हातांचा फोटो टाकला, "घरीच ऑइल बदललं." माह्या बायकोनं त्याईले तीन लाल बदाम पाठवले. मले आजवर एक नाही!

मंग काय, वडनेरच्या या कडाक्याच्या थंडीत गोणपाट अंथरून गाडीखाली घुसलो. खालचा नट खोलला, तं ऑइल काकवीसारखं घट्ट, निघता निघेना. पाठ गारठून गेली.

बायकोनं लगेच साडूभाऊलेच फोन लावला. ते हसले, "पह्यले गाडी चालू करून इंजन गरम कराचं असते हो! आता नट खोलला तं चालू नोका करू. बसा वाट पाहत."

बसलो. शेवटी जुनं ऑइल निथळलं, नवं टाकलं. बायकोनं माह्या काळ्या हातांचा फोटो ग्रुपवर टाकला, संगं एक बदामही. असा हरकलो का काय सांगू!

तेवढ्यात सासूबाईचा मेसेज आला, "मोठे जावई आले होते वाटते तुमची गाडी करून द्याले? हात त्याईचेच दिसतेत."

सांगा आता, पुढच्या फोटोसाठी हातासंगं तोंडही काळं करू काय?