बसमधली पदयात्रा

अहमदपूरहून माहूरला रेणुकेच्या दर्शनाला आम्ही दरवर्षी पायी जातो. पुढं निशाण घेऊन चालणारे आमचे म्होरके गावात पिठाची गिरणी चालवतात. गिरणीच्या घरघरीत जन्म गेल्यानं ते साधं "चहा घ्या"सुद्धा ओरडूनच म्हणतात.

यंदा नांदेडच्या मुक्कामात मंडळींनी शहर बघायला बस ठरवली. म्होरक्यांचा चेहरा पडला.

"देवीला पायी येतो म्हणलंय. गाडीत बसलं की नवस मोडला!"

पण मंडळींना एकटं सोडवेना. ते बसमध्ये चढले, मात्र बसले नाहीत. निशाण आडवं धरून ड्रायव्हरपासून मागच्या काचेपर्यंत चालायचे, वळायचे, पुन्हा पुढं. गुरुद्वारा झाला, विष्णुपुरीचं धरण झालं, ह्यांचं चालणं सुरूच.

ड्रायव्हर वैतागला. "मामा, खाली उतरून चाला की!"

"मग ह्यांना वाट कोण दावंल?"

हळूहळू एकेक जण ओशाळून उठला आणि त्यांच्यामागं चालू लागला. जागा पुरेना, तेव्हा उरलेले उभ्या उभ्या पाय उचलू लागले. टाचेला फोड आलेली मी तेवढी बसून राहिले. माझा नवस मोडलाच होता. जाता-येता म्होरके माझ्या पायाकडं बघायचे, पण ओरडले नाहीत.

धर्मशाळेपाशी बस थांबली. आम्ही सगळे उतरलो, ते मात्र उतरेनात. खिडक्यांतून बघितलं, तर रिकाम्या बसमध्ये निशाण मागं-पुढं चाललेलं.

"मामा, गाडी थांबली की!" ड्रायव्हर म्हणाला.

"थांबा जरा," आतून आरोळी आली, "ताईच्या वाटचं चालून राहिलो!"