चकली आणि आमची घाबरगुंडी

घरात साप असला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. तेच घरात सरपटत असतात! शुक्रवारी बहारीनच्या झिंज भागातली आमची मराठी मंडळी जमली की पूर्वी मला कोणी तरी "काय शुभा, कशी आहेस?" असं विचारायचं. आता दारातून आत यायच्या आधी विचारतात, "कुठाय ती? झाकण नीट लावलंय ना?"

ती म्हणजे चकली. आमच्या इराची बॉल पायथन. अजगराच्या भाऊबंदांपैकी, पण बुटकी आणि बिनविषारी. घाबरली की डोकं आत घालून स्वतःची गुंडाळी करते, म्हणून माझ्या नवऱ्यानं, मिलिंदनं, हे नाव ठेवलं. घाबरल्यावर गुंडाळी करायची सोय मला नाही. मी नुसतीच घाबरते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे प्रत्येक किस्स्यात मी घाबरलेलीच आहे.

*

बहारीन कायमचं सोडून जाणारी माणसं जाताना सामान वाटतात. कोणी सोफा देतं, कोणी इस्त्रीचं टेबल, कोणी कुंड्या. इराच्या मैत्रिणीचं कुटुंब जनाबियातला व्हिला रिकामा करून निघालं आणि आम्हाला साप मिळाला!

काचेची पेटी हॉलमध्ये ठेवून इरा म्हणाली, "शी इज सो शाय, मम्मा!" मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते.

मिलिंदनं विचारलं, "किती वर्षं जगतात गं हे?"

"थर्टी इयर्स, बाबा!"

"अगं, आपला व्हिसा दोन वर्षांचा असतो!"

*

उन्हाळ्यात इथे दाराची कडी हाताला भाजते. घरोघरी एसी दिवसरात्र चालू. आणि या बाईसाहेबांना थंडी सोसत नाही! पेटीखाली गरम होणारी चटई, वर दिवा, शिवाय इराचा हुकूम, "हॉलचा एसी बंद." आम्ही दोघं बनियन-गाऊनवर वर्तमानपत्रानं वारा घेत बसायचो.

खालच्या मजल्यावरची वर्षा माझी जिवलग मैत्रीण. ती एकदा आली, घाम पुसत म्हणाली, "अगं, तुमचा एसी बिघडलाय का?"

मिलिंद म्हणाला, "नाही. सापाला सर्दी होईल म्हणून बंद आहे."

ती हसायची थांबेना. मला मात्र हसू येईना. काचेमागून ते दोन डोळे माझ्याकडे बघत होते. सापाला पापण्या नसतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, ही माझ्यावर नजर ठेवून आहे!

*

चकलीचं जेवण म्हणजे गोठवलेले उंदीर. ते आमच्याच फ्रीजरमध्ये, सुरमईच्या शेजारी. निदान दिसू नयेत म्हणून मी ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात ठेवले.

आता, मराठी घरात आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम असेल अशी आशा कोणी धरत नाही. एका दुपारी वर्षाला मसालेभाताला मटार कमी पडले. मी आंघोळीला गेलेली. तिनं हक्कानं फ्रीजर उघडला, हक्कानं डबा उघडला...

किंकाळी ऐकून मी साबणासकट बाहेर आले. मला वाटलं, चकली सुटली! वर्षा ओट्याला टेकून उभी, पांढरीफटक.

"शुभा," ती कशीबशी म्हणाली, "तुमच्याकडचे मटार मी आजवर किती वेळा नेलेत गं?"

*

मग इरा शिकायला परदेशी गेली. विमानतळावर मला मिठी मारून रडली आणि म्हणाली, "मम्मा, प्लीज डोंट लेट हर डाय." पोटची पोर इतक्या लांब चाललेली, आणि मी तिला वचन काय दिलं? साप जगवीन!

ती गेली आणि चकलीनं खाणं सोडलं. मी चिमट्यात उंदीर धरून, तोंड दुसरीकडे फिरवून, हात लांब करून उभी राहायची. ती हुंगायची आणि बिळात परत जायची. एकदाच तिनं झडप घातली, ती चिमट्यावर! चिमटा माझ्या हातातून उडाला तो थेट पंख्यावर आपटून खाली.

मिलिंद धावत आला. आधी चिमटा उचलून बघितला. "शुभा, हा पोळ्यांचा आहे का गं?"

त्या आठवड्यात त्यानं भातच खाल्ला.

*

शेवटी तिला उशीच्या अभ्र्यात घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अभ्रा माझ्या मांडीवर, मी डोळे मिटून रामरक्षा म्हणत, आणि मिलिंद प्रत्येक स्पीडब्रेकरला "सॉरी चकली" म्हणतोय.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे तपासलं. म्हणाल्या, हे साप महिनोन् महिने न खाता राहू शकतात. ऊब द्या, जवळ गडबड नको. "खाईल, इंशाल्ला."

आमचा गॅरेजवाला गाडीबद्दल हेच म्हणतो!

खरं सांगू? तोवर मला तिची भीती वाटायची. त्या दिवसापासून तिच्यासाठी वाटायला लागली. सकाळी उठले की देवासमोर जायच्या आधी पेटीसमोर जायची. हलतेय का? जीभ बाहेर काढतेय का? हलली की दचकायची, आणि नाही हलली तर त्याहून जास्त दचकायची.

*

आणि अशात गुहागरहून माझ्या सासूबाई आल्या.

आई सापाला साप म्हणत नाहीत. त्यांची धाकटी बहीण काजूच्या बागेत पान लागून, म्हणजे सर्पदंशानं गेली, फ्रॉकच्या वयात. तेव्हापासून त्या घरात तो शब्दच कोणी उच्चारत नाही. फार झालं तर 'जनावर'. तेही हळू आवाजात. त्यांना चकलीबद्दल सांगायचं कसं? पेटी इराच्या खोलीत नेली, वर चादर टाकली, "इराचं सायन्सचं सामान आहे" म्हणून सांगितलं. आईंची मान हलली. हॉलचा एसी आता परत चालू झाला होता, त्यानं त्या कायम गारठलेल्या. हॉलमधल्या खुर्चीत, घरून आणलेली गोधडी पायांवर आणि गुडघ्यांवर विजेची शेकायची पिशवी.

दुसऱ्या दिवशी इरा सुट्टीवर येणार होती. मी सकाळी पेटीतलं पाणी बदलायला गेले. झाकण सरकलेलं. पेटी रिकामी!

बाल्कनीचं दार किलकिलं होतं. बाहेर गेली असेल तर उन्हानं मेली. आत असेल तर या गारठ्यात, तीन महिन्यांची उपाशी. आणि आईंच्या पायाशी आली तर? आईंचं काय होईल?

मिलिंदनं ऑफिसला फोन करून लीव्ह टाकली. आम्ही दोघं न बोलता शोधत सुटलो. फ्रीजमागे, वॉशिंग मशीनमध्ये, चपलांच्या कपाटात. मिलिंद सोफ्याखाली पालथा पडला.

"काय शोधताय रे?" आईंनी विचारलं.

"रिमोट," तो सोफ्याखालून म्हणाला.

"एसीचा?"

"हो."

"सापडू दे बाबा लवकर," आई म्हणाल्या आणि जपमाळ ओढायला लागल्या.

दुपार झाली. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडून घेतलं. इराला काय तोंड दाखवू? मग डोळे पुसून आईंचा चहा घेऊन हॉलमध्ये गेले.

गोधडी हलत होती.

शेकायच्या पिशवीपाशी, आईंच्या मांडीवर, तपकिरी-काळं वेटोळं. मी चहा तिथेच टेबलावर ठेवला. मी आईंकडे बघितलं. त्या ताठ बसल्या होत्या. डोळे भरलेले, ओठ पांढरे. जपमाळ खाली पडलेली. आणि एका हातानं त्या गोधडीचा काठ हळूहळू वर ओढत होत्या, त्या वेटोळ्यावर.

"ओरडू नकोस," त्या अगदी हळू म्हणाल्या. "तुमचा रिमोट सापडलाय. आधी तो एसी बंद कर. गारठलाय गं बिचारा."