न वाजलेली मिरची

लालबागच्या मसाला गल्लीत रामदास चाळीस वर्षं मिरचीची दलाली करत होता. स्वतःचं दुकान नाही, वजनकाटा नाही. एक कापडी पिशवी, तिच्यात नमुन्याच्या पुड्या, आणि शब्द. व्यापाऱ्याचा माल कसा आहे ते गिऱ्हाइकाला सांगायचं, गिऱ्हाईक कसं आहे ते व्यापाऱ्याला, आणि मध्ये आपण उभं राहायचं. मिरची पारखायची त्याची रीत गल्लीला पाठ होती. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळची मिरची काढायची आणि कानाशी धरून हलवायची. कारण मिरची वरून कोरडी दिसते, ओल असते देठापाशी, आत. बिया खुळखुळल्या तर माल चांगला, मुक्या राहिल्या तर दमट. रामदासने मान डोलावली की सौदा झाला.

गेल्या दिवाळीपासून त्याला ते खुळखुळणं ऐकू येईनासं झालं होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही. मिरचीच्या दलालाचा कान गेला म्हटल्यावर उरतं काय? तो मिरची हलवायचा, डोळे मिटायचा, मान डोलवायचा. खोटं बोलायला तोंडच लागतं असं थोडंच आहे.

एप्रिलात त्याने खोताच्या वाडीतल्या ग्रेसीबायसाठी दोन पोती बघितली. ग्रेसीबाय दर उन्हाळ्यात बाटल्यांत ठासून भरायचा ईस्ट इंडियन बॉटल मसाला करते. गिरगावापासून वांद्र्यापर्यंत कितीतरी घरं वर्षभर त्याच मसाल्यावर जेवतात. मिरची वीस वर्षं रामदासच्या हातची. दुसऱ्या कुणाचा माल असेल तर ती चार दिवस उन्हात टाकेल, रामदासच्या मालाला एकच दिवस. "तू बघितलीस ना? मग मी काय बघू?" म्हणायची. व्यापारी हर्षवर्धन त्या दिवशी घाईत होता. रामदासने मान डोलावली आणि पोती टेम्पोत चढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवापाशी दिवा लावून झाल्यावर बायकोने, अंबिकेने, त्याच्या पिशवीतली त्याच मालाच्या नमुन्याची पुडी वाटणासाठी सोडली.

"अहो, हा माल कुणाला दिलात?"

"का?"

"मोडत नाही, नुसती वाकते. बिया बोलत नाहीत हिच्या."

रामदासने ती मिरची घेऊन कानाशी हलवली. मग अंबिकेकडे बघितलं.

"मला काय बघताय?" ती म्हणाली. "दिवाळीपासून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतेय मी. देवाला फसवता येतं का, तर नाही. मला तरी कशाला?"

खोताच्या वाडीकडे जाताना बसमध्ये त्याने तीन सबबी रचल्या. हर्षवर्धनने पोतं बदललं, ही सगळ्यात सोपी होती. वाडीच्या तोंडाशी मुसळांचा आवाज असणार हे त्याला ठाऊक होतं. त्याला काही ऐकू आलं नाही, आणि क्षणभर बरंच वाटलं, अजून कांडप सुरू नसेल. परसात शिरला तेव्हा मुसळं वरखाली होत होती. एक पोतं कांडून संपलं होतं.

"ग्रेसीबाय, कांडप थांबव. मिरची दमट आहे. बाटलीत बुरशी धरेल."

"तू तर बघितलीस."

"हलवली. मला ऐकू येत नाही. दिवाळीपासून."

मुसळं थांबली. ग्रेसीबाय आत गेली, बरणीतली एक मिरची घेऊन आली आणि त्याच्या कानाशी धरून हलवली. त्याला फक्त तिची बोटं दिसली.

"वाजते?"

"माहीत नाही."

"गेल्या वर्षीची आहे. पैंजणासारखी वाजते." ती पायरीवर बसली. "मला सांगायचं होतंस रे. मी काय तुला टाकून दिलं असतं?"

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

कांडलेलं सगळं फेकावं लागलं. त्या वर्षी निम्म्या घरांना ग्रेसीबायने स्वतः फोन करून नाही म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाली, मिरची बरी मिळाली नाही. रामदासचं नाव तिने कुठेच घेतलं नाही. त्याने मात्र हर्षवर्धनला आणि गल्लीला आपल्या तोंडाने सांगितलं. मग चार दिवस तो वाडीत जाऊन उरलेलं पोतं उन्हात खालीवर करत राहिला. ग्रेसीबाय एकेक मिरची कानाशी हलवून बाजूला टाकायची, तो चादरीचं टोक धरून बसायचा. पुडीतली मिरची अंबिकेने ओळखली, हेही त्याने तिला तिथेच सांगितलं.

मसाला झाल्यावर तिने दरवर्षीसारखी एक बाटली त्याच्या हातात दिली. दरवर्षी म्हणायची, "ही तुझी."

या वेळी म्हणाली, "अंबिकेला दे."